सोलारचं अनुदान नक्की कोणाच्या गच्चीवर पडतं?

गच्चीवरचा · रविवार, रात्री १०:४०

आज सकाळी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच, गच्चीवर सोलार बसवायचं की नाही. सव्वादोन तास चालली, चहा दोनदा आला, ठराव एकदाही झाला नाही.

आधी परिस्थिती सांगतो. ठाणे, पोखरण रोड नं. २. सात मजले, ५६ फ्लॅट, बांधकाम १९९८चं. लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे धरून कॉमन मीटरवर महिन्याला साधारण २६०० युनिट पडतात. सोसायटीच्या कॉमन मीटरला घरगुतीच दर आणि घरगुतीच स्लॅब, त्यामुळे महिन्याचा पहिला आठवडा संपेपर्यंत आम्ही सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जाऊन बसलेले असतो. बिल पन्नास हजारांच्या आसपास. २० किलोवॅटचं कोटेशन साडेअकरा लाखांचं आलंय. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले ७ लाख ९० हजार. भागिले ५६, घरटी चौदा हजार आणि वर शंभरेक रुपये.

इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. मग कोणीतरी विचारलं, घरटी सारखे का?

झालं. वन बीएचकेवाले म्हणाले, आमचं क्षेत्रफळ निम्मं, आम्ही निम्मे देऊ. टू बीएचकेवाले म्हणाले, बचत सगळ्यांना सारखी मिळणार तर वर्गणी कमीजास्त कशी? तळमजल्यावरचे काका म्हणाले, मी लिफ्टमध्ये शेवटचा बसलो ते तिची पूजा झाली तेव्हा, माझा काय संबंध? पुण्याला स्थायिक झालेले एक मालक मोबाईलवरून सभेला होते. त्यांचा फ्लॅट भाड्याने आहे, तो पुढच्या वर्षी विकायचाय, फायदा होणार विकत घेणाऱ्याला, मग पैसे त्यांनी का भरायचे? एकाने सिंकिंग फंडाचं (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशांचं) नाव काढलं आणि खजिनदार उठून उभेच राहिले.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगत होतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. त्या लोकमान्य नगरला चाळीत भाड्याने राहतात. घरमालकाने सबमीटर लावलाय आणि तो युनिटला सरसकट बारा रुपये घेतो. त्यांनी विचारलं, "म्हणजे सरकार तुम्हाला वरून पैसे देणार, आणि बिल पण कमी येणार?" मी हो म्हटलं. "बरंय की," म्हणाल्या आणि कढई उपडी घातली.

सभेतल्या सव्वादोन तासांपेक्षा हे 'बरंय की' जास्त लागलं. म्हणून धागा काढतोय. सोलार चांगलं की वाईट हा विषय नाही, चांगलंच आहे. अनुदान कोणाच्या खिशातून निघतं आणि कोणाच्या खिशात जातं, एवढंच बोलू.

कौलारू · रविवार, रात्री ११:१५

मी नेरूळला, रो हाऊस. गेल्या वर्षी ३ किलोवॅट बसवलं. पावसाच्या बाजूला उंच स्ट्रक्चर घेतल्यामुळे एक लाख पंच्याऐंशी हजार झाले, त्यातले ७८,००० खात्यात परत आले. उन्हाळ्यात पाच-साडेपाच हजार बिल यायचं, आता दोनशेच्या आत. सासूबाईंच्या खोलीतला एसी दुपारीसुद्धा चालतो आणि कोणी रिमोट लपवत नाही.

अपराधी वगैरे मला अजिबात वाटत नाही. आम्ही दोघांनी तीस वर्षं आयकर भरलाय. पदरचे एक लाख सात हजार घातलेत. शिवाय दुपारी आम्ही वापरत नाही ती वीज शेजारच्या घरात, दुकानात जाते. सरकारने मला भीक घातलेली नाही, कामाला लावलंय.

आणि सबसिडी नसती तर आम्ही बसवलंच नसतं, हेही खरं.

हिशेबतपासनीस · सोमवार, सकाळी ७:५०

कौलारू ताई, तुमचं शेवटचं वाक्य तपासून बघू. राग मानू नका.

महावितरणचे २०२४-२५चे घरगुती दर घेतो. नंतर आकडे थोडे हललेत, पण मांडणी तीच आहे. वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून युनिटचा दर:
० ते १०० – ५.८८
१०१ ते ३०० – ११.४६
३०१ ते ५०० – १५.७२
५००च्या वर – १७.८१

वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार सोलार असो नसो द्यावाच लागतो, म्हणून बाजूला ठेवला. १ किलोवॅटमधून वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १२० युनिट मिळतात असं धरतो. जुलैत बरेच कमी येतात, मार्चमध्ये जास्त येतात.

घर पहिलं, महिन्याला ४५० युनिट. बिल ६,०७६. तीन किलोवॅट लावले, ३६० युनिट वजा झाले, उरले ९०. बिल ६१४. बचत ५,४६२. योजनेनेच धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॅटला पन्नास-पन्नास हजार आणि तिसऱ्याला पंचेचाळीस, म्हणजे १ लाख ४५ हजार. त्याच्या पहिल्या भागाचे ६० टक्के आणि दुसऱ्याचे ४० टक्के मिळून ७८,००० होतात.

आता अनुदान विसरून जा. पूर्ण १,४५,००० खिशातून घातले तरी सव्वादोन वर्षांत वसूल! पॅनेल पंचवीस वर्षं चालतं. यापेक्षा चांगला परतावा देणारी मुदत ठेव कुणाला माहीत असेल तर मला व्यनि करा. अनुदान धरलं तर एका वर्षात वसूल, म्हणजे ७८,००० खर्चून सरकारने तुम्हाला सव्वा वर्ष धीर धरण्यापासून वाचवलं.

घर दुसरं, महिन्याला १०० युनिट. एक पंखा, एक फ्रीज, टीव्ही. बिल ६८२. एक किलोवॅटने ते सगळं गेलं असं समजू. अनुदानाशिवाय ५०,००० वसूल व्हायला सहा वर्षं. ३०,००० अनुदान धरून अडीच वर्षांच्या जरा आत.

ज्याला अनुदानाची गरज नाही त्याला ७८, ज्याला आहे त्याला ३०. यात कोणी लबाडी केलेली नाही. किलोवॅटवर पैसे द्यायचे ठरवले की जास्त किलोवॅट लागणाऱ्याला जास्त मिळणारच.

कौलारू · सोमवार, सकाळी ९:०५

हिशेब बरोबर असेल. पण निर्णय एक्सेलमध्ये होत नाहीत हो. आमच्या ह्यांना दोन वर्षं पटवत होते, "७८ हजार परत मिळतात" म्हटल्यावर एका संध्याकाळीत तयार झाले. सव्वा वर्षाचा धीर म्हणता, पण तो धीरच नसतो लोकांकडे.

हिशेबतपासनीस · सोमवार, सकाळी ९:२०

हे मान्य. त्यासाठी स्वस्त कर्ज पुरतं. तेही या योजनेत आहेच, तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत, तारणाशिवाय.

घोडबंदर_ट्रॅफिक · सोमवार, दुपारी १:३०

गाडीत बसलोय, कासारवडवलीला अडकलोय, म्हणून लांबलचक लिहितो.

तुम्ही सगळे युनिटांवर भांडताय. मला गच्चीच्या चौरस फुटांवर बोलायचंय. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. आमचा टॉवर पंचवीस मजली, मजल्याला चार घरं, शंभर फ्लॅट. गच्ची चार हजार फूट. त्यातून पाण्याच्या टाक्या, आगीची टाकी, लिफ्टची खोली आणि एका मोबाईल कंपनीचा टॉवर वजा करा (त्याचं भाडं मेंटेनन्समध्ये वळतं होतं, त्याला कोणी हात लावू देणार नाही). दोन हजार फूट उरले तर नशीब. म्हणजे वीस किलोवॅट. शंभर घरांत वाटले तर घरटी एक पंचमांश किलोवॅट, महिन्याला २४ युनिट. माझा गीझर तेवढे आठवड्यात खातो.

कौलारू ताईंच्या रो हाऊसला डोक्यावर अख्खं आभाळ आहे. सूर्य सगळ्यांचा म्हणतात तो शाळेच्या पुस्तकात. ठाण्यात सूर्य एफएसआयप्रमाणे (मंजूर चटईक्षेत्राप्रमाणे) मिळतो.

आणि पुढची गंमत. आमच्या टॉवरची सावली मागच्या सात मजली सोसायटीवर दुपारी तीननंतर पडते. त्यांनी आधी सोलार बसवलेलं. आमचे वरचे मजले चढले तसं त्यांचं उत्पादन उतरलं. त्यांचे सेक्रेटरी आमच्याकडे भांडायला आले होते. आम्ही काय सांगणार, टॉवर वाकवा?

वर्तकनगरची · सोमवार, दुपारी २:१०

तो मोबाईल टॉवर आमच्याकडेही आहे आणि त्याच्यावर कावळ्यांनी तिसरं घरटं केलंय. कावळे बिनाअर्ज बसले.

करदाता_क्र_१ · सोमवार, संध्याकाळी ६:४५

नेहमीप्रमाणे मध्यमवर्गाला गुन्हेगार ठरवणं सुरू. शेतकऱ्यांना साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीज मोफत. सौर पंपाला त्यांचा वाटा फक्त १० टक्के. तेव्हा कोणी धागा काढला नाही. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा ७८ हजार परत मिळाले तर लगेच न्याय-अन्याय?

जुना_बोर्डवाला · सोमवार, रात्री ९:३०

मी ३४ वर्षं वीज खात्यात काढली. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा खुर्ची तीच राहिली, फक्त लेटरहेड बदललं. करदाता साहेब, शेतीपंपाचा मुद्दा काढलात ते बरं झालं, कारण दोन्ही गोष्टी एकाच वहीत आहेत.

वर हिशेबतपासनीसांनी दर दिलेत ते नीट बघा. पहिल्या शंभर युनिटांना ५.८८ आणि पाचशेच्या वर १७.८१. वीज तीच, तार तीच, ट्रान्सफॉर्मर तोच. मग तिप्पट दर का? कारण खालच्याला वीज सरासरी खर्चापेक्षा स्वस्त द्यायची आणि ती तूट वरचा स्लॅब, दुकानं आणि कारखाने यांच्याकडून भरून काढायची, अशी ही रचना आहे. आमच्या भाषेत क्रॉस सबसिडी. सरकारच्या तिजोरीतून येते ती वेगळी, ही बिलाच्या आतल्या आत फिरते आणि बिलावर कुठेही छापलेली नसते.

आता ४५० युनिटवालं घर नेट मीटर (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा) लावून ९० वर आलं. कंपनीचं त्या घराकडून येणारं उत्पन्न महिन्याला ४,७०० रुपयांनी घटलं (शुल्क सोडून). तेवढी वीज बाहेरून विकत घ्यावी लागली नाही, म्हणून खर्चही वाचला. युनिटला पाच रुपये समजा, म्हणजे १,८००. मधले २,९०० कुठे गेले? ते तारांचे, सबस्टेशनचे, रात्री तीन वाजता फ्यूज घालायला येणाऱ्या माणसाचे आणि खालच्या स्लॅबच्या स्वस्ताईचे होते. ते पुढच्या दरवाढीत उरलेल्या ग्राहकांवर जातात. उरलेले कोण? ज्यांना गच्ची नाही ते.

म्हणून मी म्हणतो, ७८,००० हा दिसणारा खर्च आहे, तो एकदाच होतो आणि अर्थसंकल्पात लिहिलेला असतो. न दिसणारा खर्च दर महिन्याला होतो. भांडायचं तर त्याच्यावर भांडा.

नेट मीटरिंगला लोक अदलाबदल समजतात. दुपारी एक युनिट दिलं, रात्री एक युनिट घेतलं, फिट्टंफाट. पण दुपारच्या आणि संध्याकाळी साडेसातच्या युनिटाची किंमत एक नाही. भर दुपारी मार्केट यार्डात आंबा उतरवायचा आणि संध्याकाळी त्याच भावात परत मागायचा, शिवाय मधल्या वेळचं गोदाम फुकट! राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या नियमांत या गोदामाच्या भाड्याचा, म्हणजे ग्रिड सपोर्ट चार्जेसचा विचार आहे, पण १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती लोकांना त्यातून सूट आहे.

आता दुसरी बाजू, नाहीतर माझे जुने सहकारीच माझ्यावर धावून यायचे. दुपारी महापे, रबाळेच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मागणी जोरात असते. गच्चीवरची वीज जिथल्या तिथे खपते, लांबून आणताना होणारी गळती वाचते, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर कमी तापतो. याचेही पैसे व्हायला हवेत. किती, यावर तज्ज्ञांचं एकमत मी नोकरीत असताना झालं नाही, निवृत्तीनंतरही झालेलं नाही.

करदाता_क्र_१ · सोमवार, रात्री १०:००

म्हणजे मी आजवर वरच्या स्लॅबमध्ये दुसऱ्यांचं बिल भरत होतो आणि आता सोलार लावून थांबलो तर तो अन्याय. वा!

जुना_बोर्डवाला · सोमवार, रात्री १०:१२

तुमचं थांबणं चूक म्हणत नाही. सरकारने तुम्हाला थांबायला वर पैसे द्यावेत का, एवढंच विचारतोय.

संपादक · सोमवार, रात्री १०:३०

शेतकरी विरुद्ध शहरी हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. तिथे आधीच चारशे प्रतिसाद आहेत, एकटं वाटणार नाही. या धाग्यावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

म्युनिकहून · मंगळवार, पहाटे २:२०

मूळची नौपाड्याची, सध्या बव्हेरियात. जुना_बोर्डवाला काकांनी सांगितलं त्याचा अख्खा चित्रपट इथे लागून गेलाय, म्हणून लिहिते.

जर्मनीत २००० साली कायदा आला. छपरावर पॅनेल लावा, वीस वर्षं ठरलेल्या दराने तुमची वीज घेतली जाईल. दर बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त. फरकाचे पैसे सरकार देत नव्हतं, सगळ्या ग्राहकांच्या बिलावर अधिभार होता. २०१७ साली तो युनिटला ६.८८ सेंटवर गेला. मी तेव्हा दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होते. छप्पर घरमालकाचं, अधिभार माझा. गावाकडे धान्याच्या कोठारांची मोठमोठी छपरं दक्षिणेला तोंड करून चकाकत असायची. माझा एक सहकारी म्हणायचा, त्या कोठारात आता बटाटे नसतात, माझं वीजबिल असतं. मोठ्या कारखान्यांना त्यातून बरीच सूट होती, हे आणखी वर. शेवटी १ जुलै २०२२ पासून अधिभार शून्यावर आणला आणि खर्च सरकारी निधीवर घेतला. म्हणजे बिलातून काढून करात टाकला. करात निदान श्रीमंताला जास्त टक्के बसतात, बिलात तेही नसतं.

पण एक गोष्ट इथले लोकही विसरतात. आम्ही भाडेकरूंनी ते जादा सेंट भरले म्हणून जगात पॅनेलला गिऱ्हाईक तयार झालं, चीनमध्ये कारखाने उभे राहिले आणि भाव कोसळले. आज गच्चीवरचा यांच्या सोसायटीला २० किलोवॅट साडेअकरा लाखांत मिळतंय, त्यात माझ्या २०१७च्या बिलातले थोडे सेंट आहेत. तेव्हा आभार माना.

आता इथे बाल्कनी सोलार जोरात आहे. दोन पॅनेलं कठड्याला टांगायची, प्लग लावायचा. ८०० वॅटपर्यंत फार कागद लागत नाहीत, भाडेकरूही लावतात.

वर्तकनगरची · मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, आमच्या बाल्कनीत कपडे, कुंड्या, वॉशिंग मशीन, सासऱ्यांची सायकल आणि कबुतरं आहेत. पॅनेल कबुतरांना विचारून लावावं लागेल.

कळवा_कारशेड · मंगळवार, सकाळी ११:००

सगळ्यांचे हिशेब वाचले. माझी हकीकत सांगतो, त्यात हिशेब नाही.

कळव्यात चार मजली इमारत, २००९ साली घर घेतलं. इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, सोसायटी नोंदलेली नाही, जमीन कोणाच्या नावावर आहे हे तीन माणसं तीन प्रकारे सांगतात. पण गच्ची आहे! एकदम मोकळी, ऊन सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. एक विक्रेता येऊन बघून गेला, खूश झाला. मग विचारलं, अर्ज कोणाच्या नावाने? गच्चीवर हक्क कोणाचा, ना-हरकत कोण देणार? बिल्डर गायब. विक्रेता चहा पिऊन गेला तो आजतागायत.

राज्याची एक 'स्मार्ट' नावाची योजना आली, महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या घराला १ किलोवॅट, खर्च ५० हजार, त्यात केंद्राचे ३० हजार, राज्याचे १७,५००, घरवाल्याचे फक्त अडीच हजार. उत्तम. हिशेबतपासनीसांचं दुसरं घर त्यांनी ओळखलंय. पण अडीच हजार आहेत म्हणून छप्पर येत नाही. आमच्या मागच्या चाळीत पत्रे आहेत, पावसाळ्यात त्यावर टायर आणि दगड ठेवतात उडू नयेत म्हणून. खोलीत राहणारा भाडेकरू, मीटर मालकाच्या नावाचा. गावाकडे ही योजना चालेल. ठाण्यातला शंभर युनिटवाला मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या छपराखाली झोपतो.

गच्चीवरचा यांच्या मावशींना या योजनेतून काही मिळणार नाही, एवढं सांगायचं होतं.

हिशेबतपासनीस · मंगळवार, दुपारी १२:४०

कारशेड यांचा मुद्दा महत्त्वाचा. केंद्राची योजना ७५,०२१ कोटींची, लक्ष्य १ कोटी घरं. म्हणजे घरटी साधारण पंच्याहत्तर हजार. २०११च्या जनगणनेतच देशात पंचवीस कोटींच्या जवळपास कुटुंबं होती. पंचवीसात एक, आणि तो एक कोण हे छप्पर ठरवतं, उत्पन्न नाही.

दुसरा मार्ग आहे. गुजरातमध्ये डिसेंबर २०२०च्या लिलावात मोठ्या सौर प्रकल्पाची वीज युनिटला १.९९ रुपयाला निघाली होती. तो नीचांक होता, नंतर दर वर आले, तरीही मोठा प्रकल्प गच्चीपेक्षा स्वस्तच पडतो. पॅनेल गच्चीवरच का? मोकळ्या माळावर लावा, ज्याला छप्पर नाही त्याच्या नावावर दोन पॅनेलं चढवा आणि तेवढे युनिट त्याच्या बिलातून वजा करा. आभासी नेट मीटरिंग म्हणतात त्याला. दिल्लीने २०१९ साली त्याचे नियम काढले. मावशी चाळ बदलून गेल्या तर पॅनेल त्यांच्यासोबत गेलं पाहिजे, पत्र्यावर अडकून पडता कामा नये.

जुना_बोर्डवाला · मंगळवार, दुपारी १:०५

आणि सबमीटरवाला घरमालक? वजावट होणार मालकाच्या मीटरवर, मावशींकडून तो बारा रुपयेच घेणार. आधी मावशींच्या नावाचा मीटर लावा. अर्ध्या अन्यायाचं मूळ नवीन ऊर्जेत नसून जुन्या भाडेकरारात आहे.

ऐरोली_खाडीकिनारा · मंगळवार, रात्री ८:२०

न्यायाचं चालू द्या, मी जरा गंजाचं बोलतो.

आमच्या इमारतीवर पूर्वीच्या लाटेतले, पाणी तापवायचे सौर बंब आहेत. तेव्हाही नव्या इमारतींना सक्ती, सवलती, सगळं होतं. आज चौदा बंबांपैकी दोन चालतात. पाईप क्षाराने चोंदले, काचा फुटल्या, दुरुस्तीला कोणी येईना. एका बंबात मांजरीने पिल्लं घातली होती. सवलत बसवण्यासाठी मिळाली, चालवण्यासाठी कुणालाच मिळाली नाही. त्यामुळे बसवणारा निघून गेला.

सोलार पॅनेलचंही तेच होईल असं नाही, त्यात हलणारं काही नसतं. पण खाडीच्या खाऱ्या हवेत स्ट्रक्चर कशाचं आहे ते बघा, नटबोल्टसुद्धा. महिन्यातून दोनदा धुवायला माणूस ठेवा. इन्व्हर्टर पंचवीस वर्षं टिकत नाही, एकदा बदलावाच लागतो, ते पैसे आजच बाजूला काढा. अनुदान हवं तर पॅनेल देशी सेल-मॉड्यूलचंच लागतं, ते थोडं महाग पडतं, तेही कोटेशनमध्ये पाहून घ्या. आणि अनुदान द्यायचंच तर एकदम कशाला? तिसऱ्या वर्षी किती युनिट निघाले ते बघून निम्मं द्या.

नौपाडा_४०२ · बुधवार, सकाळी ७:००

आमची इमारत १९८४ची, रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू. पंचवीस वर्षांचं पॅनेल तीन वर्षं उरलेल्या इमारतीवर लावायचं का? ठाण्यात निम्म्या जुन्या सोसायट्यांचा खरा प्रश्न हा आहे. त्यांना अनुदान नकोच आहे, बिल्डर हवाय.

गच्चीवरचा · शनिवार, रात्री ९:५०

आठवडाभर वाचत होतो. सर्वांचे आभार, करदाता साहेबांचेही.

माझं मत थोडं सरकलंय. सोसायटीच्या १८ हजारांबद्दल मला फारशी टोचणी नाही. लिफ्ट आणि पंपाचं बिल कमी झालं की ते ५६ घरांत वाटलं जातं, त्यात पेन्शनवर जगणारे आहेत, दोन विधवा बाया आहेत. आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) लिफ्ट आणि सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखंच लागतं, त्यामुळे घरटी महिन्याला साडेआठशेची बचत वन बीएचकेला टू बीएचकेपेक्षा जास्त जाणवेल. म्हणजे गच्चीवर जागा थोडी असेल तर आधी कॉमन मीटर, मग वैयक्तिक. पण ज्या घराचा वापर ३०० युनिटांच्या वर आहे त्याला कर्ज द्यावं, अनुदान देऊ नये. माझं स्वतःचं घर त्यात मोडतं, मे महिन्यात ३८० जातात. तरीही.

पुन्हा सभा झाली. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही असं ठरलं. तो बांधकाम खर्चाच्या प्रमाणात जमा झालेला, बचत मात्र सारखी वाटायची, हे वन बीएचकेवाल्यांना चाललं असतं, टू बीएचकेवाल्यांना नाही. म्हणून घरटी सारखी वर्गणी, पण ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांनी महिना साडेआठशेप्रमाणे सतरा महिने द्यायचे, म्हणजे बचतीतूनच फिटेल. यावर वन बीएचकेवाले राजी झाले. पुण्याच्या मालकांनी भाडेकरूकडून वसूल करू का विचारलं, अध्यक्षांनी नाही म्हणून सांगितलं, त्यांनी फोन ठेवला. तळमजल्याचे काका राजी आहेत, पण पॅनेल धुवायच्या ड्यूटीत नाव घालायचं नाही अशी अट आहे.

मावशींच्या मीटरचं विचारलं. भाडेकरूच्या नावाने मीटर घ्यायला घरमालकाची संमती लागेल असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. त्या विचारायला तयार नाहीत. खोली सोडायला सांगेल म्हणतात.

कळवा_कारशेड · शनिवार, रात्री १०:१०

बरोबर म्हणतात त्या. सांगेलच.

हिशेबतपासनीस · शनिवार, रात्री १०:२५

साडेअकरा लाखांत जीएसटी किती धरलाय? सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झालाय. तुमचं कोटेशन त्याच्या आधीचं तर नाही ना?

गच्चीवरचा · शनिवार, रात्री १०:४०

थांबा, फाईल खजिनदारांकडे आहे. वर जाऊन बघून येतो.

गच्चीवरचा · शनिवार, रात्री ११:०५

१२ टक्केच लावलाय. आणि कोटेशनवर तारीखच नाही.